खालून दिसणारे दात

मेण कोरायची सुरी हातातून निसटून टेबलाखाली गेली म्हणून मी वाकले. ती उचलली, वर बघितलं आणि तिथंच उकिडवी राहिले. टेबलाच्या कडेला पितळी जबडा उभा होता. जबडा म्हणजे वरखाली उघडमीट करणारा सांगाडा, आम्ही कामावर त्याला जबडाच म्हणतो. त्यात सकाळपासून मी बसवत आणलेले वरचे दात गुलाबी मेणात रोवलेले होते आणि खिडकीच्या उजेडात ते माझ्याकडे खाली बघत होते. वरून बघताना ते कुणाचेही दात होते. खालून बघितले तर बाबांचे होते. डावा सुळा जरासा बाहेर वळलेला, शेजारचा दात त्याच्या आड दबा धरून बसल्यासारखा, आणि समोरचे दोन एकमेकांवर असे कललेले की बोलणं बाहेर पडण्याआधी तिथं घासून धार लावून घेत असावं. मी असं काही ठरवलं नव्हतं. ठरवलं होतं ते अगदी उलट. लहान, गोल कडांचे, एका ओळीत निमूट उभे राहणारे दात बसवायचं पक्कं करून मी कामाला लागले होते. डोकं भलतीकडे गेलं असेल आणि मधल्या वेळात हातांनी आपलं उरकून घेतलं. हातांना कुणी विचारलं नव्हतं. पलीकडून, पडद्यामागून, डॉक्टरांचा आवाज आला, "काय हो बाई, कंबर धरली का?" मी म्हटलं, सुरी पडली. "मग उचला आणि वर या. जमिनीवर बसून कवळ्या होत नाहीत." मी वर आले नाही. माझी मान मागे पडली होती, तोंड उघडं होतं, आणि माझी उंची बाबांच्या कमरेइतकी झाली होती.

बाबांचे दात गेले त्याला वर्ष उलटून गेलं होतं. हिरड्या नासल्या, दात हलायला लागले, आमच्याच डॉक्टरांनी एकेक करून सगळे काढले, आणि शेवटचा दात बशीत टणकन पडला त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवा म्हातारा राहायला आला. हे गमतीनं म्हणत नाही. दात गेले की चेहरा खालून ढासळतो, हनुवटी नाकाकडे येते, ओठ आत ओढले जातात. बाबांच्या बाबतीत आणखी एक झालं. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, कायम टरारलेला एक गोळा असायचा, तो विरघळला. त्या गोळ्याकडे बघत आम्ही मोठे झालो. तो हलायला लागला की आई गॅस बारीक करायची, धाकटा भाऊ पुस्तक उघडायचा, मी रेडिओ बंद करायचे. बाबांनी आमच्यावर हात कधीच उचलला नाही. हे ऐकलं की लोक मान डोलावतात, जणू त्यांना प्रमाणपत्र दाखवलं. अरे, हात उचलायची गरजच पडली नाही. नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासायची. बाजारात शिरले की लबाडांचे हात थरथरायचे. कुणाचं काही खाल्लं नाही, आणि त्या न खाल्ल्याची वसुली आयुष्यभर घरी केली. खोटं बोलले नाहीत, मोठ्यानं बोलले नाहीत, आणि चांगलंही बोलले नाहीत. आता हा नवा म्हातारा मात्र 'स' म्हणायला गेला की शिट्टी वाजायची आणि तो स्वतःच हसायचा, तळहात तोंडावर धरून, पाहुण्यांसमोर लाजणाऱ्या पोरीसारखा. आईनं मऊ कालवून दिलेलं मुकाट खायचा आणि वर "छान झालंय" म्हणायचा. हे वाक्य त्या घराच्या भिंतींनी कधी ऐकलं नव्हतं. "बस गं जरा, किती उभी राहशील," असंही एकदा म्हणाला, आणि आई खरंच बसली, पण खुर्चीच्या अगदी कडेवर, कुणीतरी उठ म्हणेल अशा बेतानं. मला तो म्हातारा आवडायला लागला. लाज वाटायची, पण आवडायला लागला.

आणि आईनं मात्र एकच धोशा लावला होता: ह्यांना दात करून दे. मी म्हणायचे, हिरड्या नीट भरू देत. ती म्हणायची, "भरल्यात. मी बोट घालून बघितल्या." मी म्हणायचे, काय घाई आहे, खाणं तर नीट चाललंय. "जगाला दात वाटत फिरतेस आणि बापाला ठेवलंस बोळका." मला वाटायचं, चार लोकांत वाईट दिसतं म्हणून म्हणत असेल, नाहीतर रोज कालवून कालवून तिचा हात दुखत असेल. माणूस आपल्याला सोयीचं तेवढंच कारण शोधतो आणि पुढे सरकतो. फोनवर भावाला सांगितलं. त्याचं गाद्यांचं दुकान आहे, आणि गाद्या विकून विकून त्याला आयुष्याचं सगळं कळलंय. "ताई, तू उगाच डोकं पिकवतेस," म्हणाला. "गिऱ्हाईक येतं, कडक गादी मागतं. पाठीला बरी म्हणतं, डॉक्टरनं सांगितलीय म्हणतं. मी म्हणतो, साहेब, दोन्हींवर जरा पडून बघा. मऊ घेऊन जातं. माणूस शेवटी ज्यानं आपल्याला बरं वाटणार तेच उचलतो. बाकी सगळं बोलायच्या गोष्टी."

"आणि मऊ गादीवर ज्यांना झोपच येत नाही ते?"

"ते दुकानात येत नाहीत. जमिनीवर झोपतात. मला काय उपयोग त्यांचा?" मग जरा थांबून म्हणाला, "बाबांना मऊ दात कर. छोटे, एकसारखे. आईला म्हातारपणी जरा सुख लागू दे. हवं तर तिलाच विचार. कोण स्वतःहून वाघ मागेल घरात?"

त्याचं मला पटलं होतं. म्हणजे पटवून घेतलं होतं, कारण माझ्या कामात मी रोज वेगळंच बघत होते. आमच्याकडे एक पद्धत आहे. कवळी पक्की करण्याआधी मेणातले दात तोंडात घालून दाखवायचे, आणि त्या दिवशी घरचं कुणीतरी सोबत आणायला सांगायचं. कारण स्वतःचा चेहरा स्वतःला ठाऊक नसतो. आरशात बघताना माणूस तोंड सावरून बघतो. चेहरा खरा कुणाला माहीत, तर ज्याला तो रोज सोसावा लागतो त्याला. त्या खुर्चीत बसून लोक काय काय मागतात ते मी ऐकलंय. एक बाई म्हणाली, समोर फट ठेवा. का, तर लहानपणी तिच्यावरूनच सगळे चिडवायचे. मी म्हटलं, मग आता संधी आहे, बुजवून टाकू की. "नको," म्हणाली, "मग आरशात कुणाला बघू?" एकाला एका दातावर काळा डाग हवा होता. मोत्यासारखे दात फुकट मिळत असताना डाग मागणारा माणूस माझ्या भावाच्या गादीवर झोपवून बघायला हवा. पण अशा लोकांना मी हसायचे. वेडे, म्हणायचे. आपलं नाक कापून घेणारे. बाबांचं माप घेतलं तेव्हा ठरवलं होतं की इथं वेडेपणा नको. दातांची उंची जरा कमीच ठेवायची, जबडा पुरता वर उचलायचाच नाही, गाल थोडे बसके राहू द्यायचे. म्हाताऱ्याला चावता आलं म्हणजे झालं. तसेच दात निवडले, तसेच रोवायला घेतले, आणि सुरी पडली.

बाबांचा हसताना काढलेला एकही फोटो नाही. प्रत्येक फोटोत ओठ शिवल्यासारखे. त्यांचे दात कसे होते ह्याचा पुरावा जगात कुठंच नव्हता, माझ्या आत सोडून, आणि माझ्या आत तो होता तोही खालून बघितलेला. त्याचं कारण मावशी. आईची धाकटी बहीण. नवऱ्याला सोडून आमच्याकडे आली होती आणि कुणी का म्हणून विचारलं तर "घोरायचा" म्हणून सांगायची. स्वयंपाकघरात झोपायची, लोकांचे कपडे शिवायची आणि हसायची. घरात हसण्याचा आवाज असतो हे मला तिच्यामुळं कळलं. बाबांची नक्कल करायची. चिमटीत मीठ धरून, एक डोळा मिटून, "दोन कण जास्त आहेत, काढा ते," आणि आई तोंड दाबून भिंतीला टेकायची. एका सकाळी ते संपलं. आई आत भांडी घासत होती, नळ धो धो सोडलेला. बाबा दारात उभे, मावशी बाहेर जिन्याच्या तोंडाशी. तिची पिशवी कधी भरली गेली मला कळलं नव्हतं. मी दोघांच्या मधे. बाबा काहीतरी बोलले. हळू बोलले. मी मान मागे टाकून बघत होते. वरचा ओठ उचलला गेला, डावा सुळा दिसला, त्याच्या आडचा दिसला, दात उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मावशीचं हसू तोंडावर होतं तसंच सुकलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेली. परत आली नाही. काही वर्षांनी परगावच्या कुठल्याशा हॉस्पिटलातून बाबांच्या ऑफिसात निरोप आला, आणि बाबांनी घरी येऊन, बूट काढता काढता, सांगितलं की ती गेली.

आईनं त्यांना एकदाच विचारलं होतं, त्या दिवशी तिला काय म्हणालात. बाबा म्हणाले, "तिलाच विचारायचं होतंस." पुन्हा विचारायची सोय ठेवली नाही. मग ती मला विचारायला लागली. माझे केस विंचरताना, पाठीमागून, चेहरा दिसू नये अशी. "तू तिथं होतीस ना गं. आठवून बघ. काय म्हणाले?" मी आठवायचे. जीव तोडून आठवायचे. मला दात दिसायचे, आणि मागे नळाचा आवाज. शब्द गेले होते, दात राहिले होते. कितीतरी वर्षं तिनं विचारलं, आणि मग एक दिवस केस विंचरले आणि विचारलं नाही. मी म्हटलं, सुटलं. पुढे मी दातांच्या कामाला लागले त्याचा ह्याच्याशी कुणी संबंध जोडू नये. काम बसून होतं, शिकताना पगार मिळत होता, आणि मेलेल्या गोष्टींचे अर्थ काढत बसायला ज्यांना वेळ असतो त्यांची जात माझ्यापेक्षा निराळी.

चुकलेले दात मोडायला काही लागत नाही. सुरी तापवायची, मेणाला टेकवायची, की ते पटापट गळून पडतात. मी सुरी तापवली. दोनदा तापवली. मग तशीच गार होऊ दिली आणि तो संच कपाटात ठेवून दिला, तोंड भिंतीकडे करून. दुसरा संच नव्यानं बसवला, डोळ्यात तेल घालून, प्रत्येक दातापाशी थांबून हातांवर नजर ठेवत. तो इतका सुबक झाला की मला त्याचा रागच आला. कुठल्याही सज्जनाच्या तोंडात शोभला असता. डॉक्टर येऊन बघून गेले. "दोन दोन? लॉटरी काढतोय का आपण?" मी म्हटलं, घरचा मामला आहे. "मग दोन्ही दाखवा. आरसा ठरवेल." आरसा नाही, म्हटलं, आई ठरवेल. असं मी का म्हणाले? मऊ संच तयार होता, दुसरा मोडायचा होता, कुणाला कळलंही नसतं. पण ते दिवस मला धड गेले नाहीत. काम करताना पाठ कपाटाकडे आली की मानेवर काहीतरी फिरायचं. मी टेबल वळवून घेतलं. रस्त्यानं जाताना पायऱ्यांवर वर उभ्या माणसाकडे मान वर करून बघणं टाळायला लागले. बसमध्ये मी बसलेली आणि समोर उभ्या माणसानं जांभई दिली तर मी खिडकीकडे तोंड फिरवायचे. आणि एका दुपारी घरी, बाबा खुर्चीत डुलक्या घेत असताना, मी बघितलं की त्यांचा जबडा हलतोय. ओठ मिटलेले, आत नुसत्या हिरड्या, एकमेकींवर रगडत. दात नव्हते, पण चावणं चालू होतं. काय चावत होते? आई दारात उभी राहून तेच बघत होती. मी तिच्याकडे बघितलं तशी ती आत निघून गेली.

मेणातले दात घालून बघायच्या दिवशी दोघांना घेऊन कामावर गेले. बाबा खुर्चीत, आई बाजूच्या बुटक्या स्टुलावर, कारण दुसरं काही रिकामं नव्हतं. आधी मी मऊ संच घातला. चेहरा थोडा भरला, हनुवटी जागेवर आली, ओठांना आधार मिळाला. बाबांनी आरसा घेतला, मान इकडे तिकडे केली. "बरा दिसतो की मी," म्हणाले. "शाळामास्तर वाटतो. चित्रकलेचा." डॉक्टर हसले. मी आईकडे बघितलं. ती स्टुलावरून मान वर करून बघत होती, बाजारात ओळखीचं म्हणून हाक मारावी आणि भलताच माणूस वळावा अशी. "कसे वाटतात?" मी विचारलं.

"कोण आहेत हे?" आई म्हणाली.

मग मी दुसरा संच घातला. ह्या संचात मी दातांची उंची राखली नव्हती, ती आपोआप आली होती, होती तेवढी. जबडा उचलला गेला, नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर पुरं झालं, गाल ताणले. आणि बाबांनी दात एकमेकांवर टेकवले तेव्हा कानाखाली तो गोळा उठला. माझा हात शेजारी चाचपडला. रेडिओ शोधत होता. केस पिकत आलेल्या बाईचा हात. डॉक्टर म्हणाले, "वा, भारदस्त." बाबांनी आरशात बघितलं, आणि पटकन तो मांडीवर पालथा घातला. "पहिलेच बरे होते गं," म्हणाले. "हे जड वाटतात."

"हेच," आई म्हणाली. ती उभी राहिली नव्हती. खालूनच बघत होती.

"काकू, खायला पहिले सोपे जातील," डॉक्टर म्हणाले.

"खायचं नंतर बघू." आणि माझ्याकडे वळून, "हेच कर."

बाहेर बसथांब्यावर बाबा बाकावर बसले, पुन्हा बोळके, पुन्हा मऊ, येणाऱ्या जाणाऱ्या पोरांकडे बघून हसत. मी आईला दंडाला धरून बाजूला नेलं. माझं डोकं फिरलं होतं. "तुला कळतंय का काय मागतेस? वर्षभर घर कसं होतं?"

"चांगलं होतं."

"मग?"

"चांगलं होतं म्हणून तर." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "मी ह्यांना विचारलं. मागे एकदा. खाणं झाल्यावर, जवळ बसून. म्हटलं, माझ्या बहिणीला दारात काय म्हणालात. हसले. तोंडावर हात धरला. म्हणाले, आठवत नाही गं, म्हातारा झालो आता. आणि माझा हात थोपटला."

"खरंच आठवत नसेल."

"ह्याला नाहीच आठवणार. ह्यानं कुठं काय केलंय? हा काल आलाय. गुणी आहे बिचारा. ह्याच्यावर मला धड रागसुद्धा धरता येत नाही. असंच चाललं तर मी मरेन एक दिवस ह्याला भरवता भरवता, आणि मग ती कुणामुळं गेली? कुणामुळंच नाही?" बस लांबून दिसायला लागली तशी तिनं पिशवी खांद्यावर सरकवली. "ज्यानं म्हटलं त्याला बोलाव. मला त्याच्याशी बोलायचंय."

"आणि तो तुलाही तसंच काही म्हणाला तर? ह्या वयात?"

"म्हणू दे. ऐकू तरी येईल."

भावाला सांगितलं तर तो हसला आणि मग चिडला. "तिला काय कळतंय? मऊच बसव आणि सांग हेच ते. डोळे अधू झालेत तिचे. ती सुखात, बाबा सुखात, तू सुखात." सगळं बरोबर होतं. दोन्ही संच माझ्यासमोर टेबलावर होते, आणि फसवायला मला काही कष्ट नव्हते. मी तिथं बसून राहिले आणि मला हळूहळू संताप यायला लागला, भावाचा नाही, त्या सुख ह्या शब्दाचा. ज्याला त्याला तो शब्द दुसऱ्याच्या ताटात वाढायची घाई. तिला काय बरं वाटेल हे मी ठरवणार, भाऊ ठरवणार, डॉक्टर ठरवणार, आणि तिनं तोंड उघडून सांगितलं तर तिचे डोळे अधू. तिला काय होणार हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? घरातला तो वाघ तिच्याइतका जवळून कुणी बघितला होता? तिनं सगळा हिशेब करून, सुख एका बाजूला ठेवून, दुसऱ्या बाजूचं उचललं होतं. त्या दुसऱ्या बाजूला काय असतं त्याला नाव नाही. म्हणून तिकडे बोट दाखवणारा वेडा ठरतो. आणि खरं सांगायचं तर मलाही ऐकायचं होतं. इतकी वर्षं ते दात माझ्या डोक्यात उघडत मिटत होते, आवाज बंद ठेवून. मी मऊ संच हातात घेतला, सुरी तापवली आणि मेणाला टेकवली. गोल, निमूट दात एकेक करून टेबलावर गळाले. दुसरा संच मी साच्यात घातला. उकळत्या पाण्यानं मेण वितळून वाहून जातं आणि साच्यात नुसते दात उरतात, प्लास्टरमध्ये उलटे रोवलेले. मेण होतं तिथं पोकळी. त्या पोकळीत गुलाबी प्लास्टिकची हिरडी भरायची आणि शिजवायची. कवळी बाहेर काढून घासली, चकचकीत केली, आणि आतली बाजू अंगठ्यानं चाचपली, पुन्हा पुन्हा, कुठं बारीकसा कंगोरा राहू नये म्हणून.

घरी नेली ती दुपार होती. जेवणं उरकली होती, खिडकी उघडी, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. बाबा टेबलापाशी बसले होते. मी कवळी ओली केली, वरची बसवली, खालची बसवली, दाबून बघितलं. "मिटा," म्हटलं. त्यांनी दात मिटले. गोळा उठला. आई पलीकडच्या खुर्चीवर बसली होती, कडेवर नाही, पाठ टेकून.

"अहो," ती म्हणाली.

"काय?" आवाजातली शिट्टी गेली होती.

"माझ्या बहिणीला दारात काय म्हणालात?"

बाबांचा तळहात तोंडाकडे निघाला आणि मधेच थांबला. आता झाकायला काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. दात दातांवर फिरले. नव्या दातांचा तो आवाज जरा पोकळ येतो, पण तोच होता. मी अर्धी उठले होते. "कशाला उकरतेस?" बाबा म्हणाले. स्वच्छ शब्द, एकेक धार लावलेला. आणि आईचा चेहरा बदलला. भ्यायली नाही. बऱ्याच काळानं ओळखीचं माणूस दारात दिसावं तशी थोडी पुढे झुकली.

"हां," म्हणाली. "आता बोला."

बाबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग खोटं बोलायची सवय नसलेला माणूस जसं सांगतो तसं, टेबलाकडे बघत सांगितलं. "म्हटलं, पुन्हा ह्या घरात दिसलीस तर तुझ्या बहिणीला तुझ्याबरोबर बाहेर काढीन. पोरं माझ्याजवळ ठेवून."

मी ते शब्द घेतले आणि माझ्या आतल्या त्या तोंडात घालून बघितले. सुळा दिसला, दात उघडले, मिटले, उघडले. बसले. कुठंही फट राहिली नाही. मला वाटलं होतं काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही, फक्त आता ते तोंड आवाज करायला लागलं.

"काढलं असतंत?" आईनं विचारलं.

"हो."

खाली गाडी धुणाऱ्यानं बादली आपटली. आई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "म्हणजे ती माझ्यापायी गेली," म्हणाली. "आणि मी तिला शिव्या घालत राहिले. म्हटलं, एवढी कसली मिजास, साधी एकदा डोकावली नाही." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा राखेसारखा झाला होता. वर्षभरात जे काही थोडं मांस त्या चेहऱ्यावर चढलं होतं ते माझ्यासमोर उतरलं. मला राहवलं नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला. "आई, बरं वाटतंय का?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं जणू मी गाद्या विकायला आले आहे. "बरं वाटायला नव्हतं विचारलं," म्हणाली.

बाबांनी माझी बाही ओढली. "काढ गं हे," म्हणाले. "टोचतंय." आणि लहान पोरानं औषधाला तोंड उघडावं तसं तोंड उघडून माझ्यासमोर धरलं. डोळे ओले होते. टोचत नव्हतं, ते मला माझ्या अंगठ्यानं सांगितलं होतं. त्यांना परत जायचं होतं, त्या हसऱ्या, विसराळू, बोळक्या म्हाताऱ्यात जाऊन लपायचं होतं. आणि मलाही तो हवा होता, आत्ता, ह्या क्षणी. दोन बोटं घालून जरा खाली ओढलं की तो आला असता, छान झालंय म्हणाला असता, आईचा हात थोपटला असता. माझी बोटं त्यांच्या ओठांपर्यंत गेली. "काढू का, आई?"

"थांब. अजून आहे." आईनं खुर्ची उचलली आणि बाबांच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ ठेवून बसली. "हॉस्पिटलातून तुमच्या ऑफिसात निरोप आला," ती म्हणाली. "तो आला तेव्हा ती जिवंत होती का?"

बाबा माझ्याकडेच बघत होते, तोंड उघडं टाकून.

"सुरुवातीला टोचतंच, बाबा," मी म्हटलं, आणि हात मागे घेतला. "मिटा तोंड. आणि तिला सांगा."